पाहुण्यांच्या खोलीसाठी सोफा कम बेड घ्यायचा आहे. झोपायला आरामशीर आणि दिसायलाही छान असा कसा निवडावा?

तुम्ही लिहिलंय की खोली 10 बाय 10 फुटांची आहे, एका भिंतीला कपाट आहे, एरवी तिथे मुलं अभ्यासाला बसतात आणि वर्षातून तीन-चारदा आई-वडील आठ-दहा दिवस राहायला येतात. यातली शेवटची गोष्ट सगळ्यात महत्त्वाची. एका रात्रीचा पाहुणा कशावरही झोपतो. सत्तरीतल्या कमरेला आठ रात्री काढायच्या असतील तर आधी पलंग बघा, मग सोफा.

सोफा कम बेडची सगळी गोम सांध्यात असते. उघडल्यावर दोन-तीन तुकडे जुळून गादी तयार होते, आणि तो सांधा अंगाखाली कुठे येतो यावर सकाळी पाठ धरणार की नाही ते ठरतं.

पाठ मागे पाडून आडवा होणारा प्रकार (दुकानदार त्याला क्लिक-क्लॅक म्हणतात) स्वस्त आणि दिसायला सुटसुटीत असतो. पण उघडल्यावर रुंदी जेमतेम 42 ते 45 इंच भरते आणि खाच लांबीने बरोबर मधोमध येते. एकटा झोपला तर घरंगळत त्या खाचेत जातो. दोघं झोपले तर प्रत्येकाच्या वाट्याला 22 इंच. शिवाय पाठ पाडायला मागे चार-सहा इंच जागा लागते, म्हणजे रोज रात्री सोफा भिंतीपासून ओढा. तीन घड्यांचा नुसत्या फोमचा असतो, त्यात 24-24 इंचांचे तीन भाग. सांधे येतात कमरेच्या जरा वर आणि गुडघ्यापाशी. वर तो जमिनीला टेकलेला, त्यामुळे गुडघे दुखणाऱ्या माणसाला उठताना हात द्यावा लागतो. तुमच्यासाठी हे दोन्ही बाद.

तुम्हाला हवा तो ड्रॉवरसारखा पुढे ओढायचा, उघडल्यावर 60 ते 72 इंच रुंद होणारा. त्यावर सोफ्याच्या लांबीत झोपायचं, म्हणजे सांधा दोघांच्या मध्ये पडतो. दुकानात तो उघडून सांध्यावरून तळहात फिरवा. ओढलेला भाग अर्धा इंच जरी खाली वाटला तरी तो घेऊ नका, वापराने ते अंतर वाढतच जातं. ओढलेल्या भागाला स्वतःचे पाय आहेत ना, तेही वाकून बघा. बसायची आणि झोपायची उंची 16 ते 18 इंच असावी. काही मॉडेलांत सोफा 17 इंचांचा आणि उघडलेला भाग 11 इंचांचा असतो, तो फक्त मुलांच्या कामाचा.

लांबी सोफ्याच्या दोन हातांच्या मधली मोजा. ‘सात फुटी सोफा’ म्हणजे 84 इंच. त्यातून आठ-आठ इंचांचे जाड हात वजा केले की झोपायला 68 उरतात. पाच फूट आठ इंचांच्या माणसाचे पाय टेकलेच समजा. आतून 72 हवेतच, 75 मिळाले तर उत्तम. म्हणूनच छोट्या खोलीत चार इंचांचे बारीक हात घ्यावेत. ते शोभूनही दिसतात.

आता खोली. 120 इंचांतून पाठीसकट उघडा बेड 80 आणि कपाट 22 इंच खातं; उरले 18. कपाटाची दारं सरकती नसतील तर ती धड उघडणार नाहीत. त्यामुळे सोफा कपाटासमोर न ठेवता काटकोनातल्या भिंतीला लावून बघा. फरशी 2 बाय 2 फुटांची असेल तर मोजपट्टीचीही गरज नाही, उघडा बेड तीन फरशा आणि वर आठ इंच घेतो. खडूने आखा आणि खोलीचं दार आत उघडून बघा.

फोमबद्दल दुकानात ‘40 डेन्सिटी’ असं ठोकून सांगतात. त्याचा अर्थ एक घनमीटर फोमचं वजन 40 किलो; फोम कडक की मऊ हे त्यावरून कळत नाही. सुताराकडून करून घेणार असाल तर पडताळणी सोपी आहे: एक फूट बाय एक फूट, सहा इंच जाडीचा तुकडा वजनकाट्यावर ठेवा. 40 चा साधारण 570 ग्रॅम भरतो, 32 चा 450. बसायला 32 चालतो, पण झोपायची आणि बसायची जागा एकच असल्याने 40 चाच घ्या, निदान पाच इंच. नाहीतर रोज बसायच्या जागी वर्ष-दोन वर्षांत खळगा पडतो.

सांगाड्यात पार्टिकल बोर्ड (लाकडाचा भुसा दाबून केलेली फळी) नको. पावसाळ्यात तो फुगतो, स्क्रू सैल होतात आणि एकदा भोक मोठं झालं की स्क्रू पुन्हा धरत नाही. बीडब्ल्यूआर (पाण्याला टिकणारं) प्लाय किंवा लाकूड घ्या आणि बिजागऱ्या नट-बोल्टने आरपार बसवलेल्या हव्यात. एका कोपऱ्याला धरून ओढलं की चॅनल (ज्यावर तो भाग सरकतो ती पट्टी) तिरकं होतं. दोन्ही हातांनी मधून ओढायची सवय घरात सगळ्यांना लावा. चाकं कडक प्लास्टिकची असतील तर फरशीवर ओरखडे पडतात, रबरी बसवून घ्या. खाली पांघरुणं ठेवायची पेटी असेल तर तिच्या तळाला इंचभराची चार-सहा भोकं पाडा, नाहीतर जुलैत गोधड्यांना कुबट वास येतो.

कापडात रेक्झिन टाळा. उन्हाळ्यात अंगाला चिकटतं, आणि त्यावरचा थर दमट हवेत काही वर्षांत पापुद्र्यासारखा सुटतो. दाट विणीचं कापड आणि चेन लावलेलं, काढून धुता येणारं कव्हर घ्या. रंगाचा हट्ट मोठ्या भागावर करू नका: सोफा राखाडी किंवा मातकट, आणि हौस उशांच्या अभ्र्यांवर भागवा, ते बदलता येतात. मुलं तिथे बसून अभ्यास करणार म्हणजे पेनाची शाई आलीच, तेव्हा फिक्या पांढऱ्याचा विचारही नको.

आई-वडील येतील तेव्हा वर दोन इंचांची कापसाची पातळ गादी टाका. सांधा त्याखाली जवळजवळ जाणवत नाही. गादीवाल्याला माप मात्र उघड्या बेडचं द्या, आणि घडी करून कपाटात बसेल अशी दोन भागांत नको, एकसंधच शिवून घ्या. दोन भाग केले की खाच पुन्हा वर आली.

पैसे देण्याआधी शेवटचं एक काम: लिफ्टचं दार आणि जिन्याचं वळण मोजा. सुटा होऊन येणारा सोफा नसेल तर 80 इंचांचा नग वळणावर अडकतो.