काकूंशी पैशांचं बोलू कशी?

प्रिय मैत्रिणी,

कोथरूडच्या त्या घरात तू सहा वर्षं भाड्याने राहिलीस. खालच्या मजल्यावरच्या मालकीणकाकूंनी तुझ्या लेकीला न्हाऊमाखू घातलं. आता महिनाअखेरीस तू स्वतःच्या घरात जाते आहेस आणि काकूंचा मुलगा म्हणतो, ६०,००० च्या डिपॉझिटमधून रंगाचे २५,००० कापणार. काकू गप्प. तू विचारतेस, त्यांच्याशी पैशांचं बोलू कशी?

त्यांच्याशी बोलूच नकोस. मुलाशी बोल, आणि लेखी बोल.

डिपॉझिट तुझंच आहे, ते मागण्यात कृतघ्नपणा नाही. उलट, काकूंनी पोर सांभाळलं म्हणून पंचवीस हजार सोडून दिलेस, तर त्यांच्या मायेला तूच दर लावलास असं होईल. मला ते जास्त वाईट वाटतं.

दर ११ महिन्यांनी करार नवा होत असेल, तर शेवटचा काढून वाच. रंगाची अट असेल तर ती तू कबूल केली आहेस. मग रकमेबद्दल बोल, बिल माग. अट नसेल, तर सहा वर्षांत भिंती फिकटणारच, तो खर्च तुझा नाही. लेकीने खडूने रंगवलेली भिंत मात्र तुझी, ती नीट करून दे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे करार नोंदवून घेणं ही मालकाची जबाबदारी आहे. नोंदवलेला नसेल, तर उलट सिद्ध होईपर्यंत अटींबाबत तुझं म्हणणं ग्राह्य धरतात.

'डिपॉझिट द्या, मगच किल्ली' असा हट्ट मात्र धरू नकोस. मुदत संपूनही घर सोडलं नाही, तर कलम २४ खाली दुप्पट भाड्याने भरपाई द्यावी लागू शकते.

सामान हललं की मुलाला बरोबर घेऊन रिकाम्या घराचा व्हिडिओ काढ, महावितरणच्या मीटरचा फोटो घे. किल्ली दिल्याची पोच घे आणि डिपॉझिट किती, कधी परत मिळणार, तेही त्यातच लिहून घे.

आणि काकू? त्या गप्प आहेत म्हणजे मुलाचं त्यांना पटलंय असं समजू नकोस. या वयात कितीजणींना घरच्या व्यवहारात तोंड उघडता येतं? आज संध्याकाळीच लेकीला घेऊन त्यांच्याकडे जा. पैशांचा विषय काढू नकोस. वास्तुशांतीचं पहिलं आमंत्रण त्यांना दे आणि त्या दिवशी न्यायला तू स्वतः येशील, हेही तेव्हाच सांग.

तुझी,
ताई