पत्राला उत्तर आधी, शिक्क्याचा वाद नंतर

नौदलाच्या भांडार शाखेतून चीफ पेटी ऑफिसर म्हणून 2013 मध्ये निवृत्त झालेले एक वाचक चिपळूणच्या बाजूला नौदल भरतीचे वर्ग चालवतात. नौदल गुप्तवार्तेची मूलतत्त्वे आणि वर्गीकृत कागदपत्रांची हाताळणी या विषयावरची, प्रशिक्षणात मिळालेली एक प्रेसी (धड्यांची टिपणपुस्तिका) आणि नोकरीच्या काळातली स्वतःची एक वही त्यांच्या घरी राहिली. प्रेसीतली काही पाने त्यांनी विद्यार्थ्यांच्या व्हॉट्सॲप गटावर टाकली. ‘दोन्ही वस्तू पंधरा दिवसांत जमा करा व लेखी खुलासा द्या’ असे पत्र शेवटच्या नेमणुकीच्या ठिकाणाहून आले, त्याला चार महिने झाले. ते विचारतात: शिक्का फक्त ‘रिस्ट्रिक्टेड’चा आहे, मजकूर इंटरनेटवरही सापडतो आणि निवृत्तीला बारा वर्षे उलटली, तर गुन्हा कसला?

उत्तर:

अशी पत्रे मला वर्षाकाठी तीन-चार तरी येतात. कुणाच्या पेटीत वडिलांच्या हस्ताक्षरातली वही निघते, कुणाच्या माळ्यावर बंदराचा नकाशा, आणि सगळ्यांचा पहिला प्रश्न शिक्क्याचाच असतो. तुम्हीही चार पाने शिक्क्यावर खर्च केलीत आणि आलेले पत्र ‘वाचून टीव्हीखालच्या कप्प्यात ठेवले’ हे वाक्य शेवटी, जाता जाता, लिहिलेत. तुमचे सगळे प्रकरण त्या एका वाक्यात आहे. ते मला लिहिलेत ते ठीक. आणखी कोणालाही लिहू नका.

शासकीय गुपिते अधिनियम, 1923 याच्या कलम 5, पोटकलम (1) चा तिसरा खंड काढून वाचा. कागद जवळ ठेवण्याचा अधिकार नसताना, किंवा ठेवणे कर्तव्याविरुद्ध असताना, तो ठेवणे हा गुन्हा आहे. आणि त्याला जोडूनच, कागद परत करण्याबाबत किंवा त्याची विल्हेवाट लावण्याबाबत कायदेशीर अधिकाऱ्याने दिलेल्या निर्देशांचे पालन करण्यात जाणूनबुजून कसूर करणे हाही गुन्हा आहे. या खंडात शत्रूला मदत करण्याचा हेतू सिद्ध करावा लागत नाही, कागद कोणाला दाखवला हेही सिद्ध करावे लागत नाही. पत्र येण्यापूर्वी, निवृत्तीच्या गडबडीत सामानाबरोबर कागद आले आणि विसरले गेले, असे तुम्हाला म्हणता आले असते आणि ते बऱ्यापैकी पटलेही असते. पत्र वाचून बाजूला ठेवल्याच्या दिवसापासून ‘विसरलो’ हा शब्द तुमच्या हातून गेला. पत्र साध्या टपालाने आले, रजिस्टरने नाही, हा बचाव तुम्ही सुचवता. तो पत्र न मिळालेल्या माणसाचा आहे, मिळून वाचलेल्या माणसाचा नाही.

मुदतीबद्दल. तीन वर्षांपर्यंत शिक्षा असलेल्या गुन्ह्याची दखल न्यायालयाला तीन वर्षांनंतर घेता येत नाही हे खरे आहे, आणि कलम 5 ची कमाल शिक्षा तीन वर्षेच आहे; हा नियम आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 514 मध्ये आहे. पण त्याच संहितेतले कलम 518 पाहा: चालू राहणाऱ्या गुन्ह्यात प्रत्येक क्षणी मुदत नव्याने सुरू होते. कागद बाळगणे हा चालू राहणारा गुन्हा आहे असे सरकार म्हणेल, आणि माझ्या मते न्यायालय बहुधा ते मान्य करील. म्हणजे 2013 पासून मोजलेली तुमची बारा वर्षे तुमच्या बाजूची न राहता समोरच्या बाजूला जाऊन बसण्याची शक्यता आहे.

आता शिक्का, कारण त्याच्यावाचून तुमचे समाधान होणार नाही. टॉप सीक्रेट, सीक्रेट, कॉन्फिडेन्शियल आणि रिस्ट्रिक्टेड या चार पायऱ्या प्रशासनाच्या सुरक्षा सूचनांतल्या आहेत. अधिनियमात त्या नाहीत. अधिनियमात ‘गुप्त’ हे विशेषण संकेत आणि परवलीचा शब्द यांच्यापुरतेच आहे, आराखडा, टिपण किंवा दस्तऐवज यांना ते लागत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने गुजरातमधल्या एका अपिलात सांगितले असून तो निकाल 1996 च्या निवाडेसंग्रहांत छापलेला आहे. ते प्रकरण कलम 3 खालचे होते, पण कलम 5 ची शब्दरचना त्याच वळणाची आहे. दस्तऐवज ‘निषिद्ध ठिकाणा’शी संबंधित असला, किंवा सरकारी पदामुळे हाती आलेला असला, तरी पुरते, नौदलाचे तळ आणि जहाजे निषिद्ध ठिकाणांच्या व्याख्येत नावानिशी आहेत, आणि पद ‘धारण केलेले’ म्हणजे निवृत्त माणसेही कलमात आहेत.

म्हणून मला प्रेसीपेक्षा तुमच्या वहीची जास्त काळजी वाटते. प्रेसीत गुप्तवार्तेचे चक्र कसे चालते, माहिती कोणाला कामापुरतीच द्यायची, कागदाची नोंद आणि नाश कसा करायचा, असे सर्वसाधारण धडे असतील, आणि त्यातला काही भाग जगभरच्या पुस्तकांत मिळतो या तुमच्या म्हणण्यात तथ्य आहे. पण वहीत, तुम्हीच लिहिता त्याप्रमाणे, ‘कुठल्या जहाजाला किती रेशन कधी चढवले एवढ्याच नोंदी’ आहेत. भांडारात आयुष्य घालवलेल्या माणसाने ‘एवढ्याच’ म्हणावे याचे मला नवल वाटले. 1971 च्या युद्धात विक्रांत ही विमानवाहू नौका अंदमानाकडे असताना ती विशाखापट्टणमच्या आसपासच आहे असे भासवायचे होते, तेव्हा नौदलाच्या पूर्व विभागाचे प्रमुख व्हाइस ॲडमिरल कृष्णन यांनी खोटे बिनतारी संदेश तर पाठवायला लावलेच, पण त्याबरोबर तिथल्या ठेकेदारांकडे मांस आणि ताज्या भाजीपाल्याची भलीमोठी मागणीही नोंदवली, कारण बाजारातले हेर तीच मोजत असतात. 3 आणि 4 डिसेंबरच्या मधल्या रात्री पाकिस्तानची गाझी पाणबुडी त्याच बंदराच्या तोंडाशी बुडाली. रेशनच्या आकड्यांवरून जहाज ओळखता येते, आणि तुमच्या प्रेसीत हे पहिल्या काही पानांतच असणार.

व्हॉट्सॲपवर टाकलेल्या पानांबद्दल मी तोलून-मापून बोलतो, कारण नेमकी कोणती पाने गेली हे मी पाहिलेले नाही आणि पाहणारही नाही. अनधिकृत व्यक्तीला माहिती देणे आणि कागदाची वाजवी काळजी न घेणे हे कलम 5 चेच दुसरे खंड आहेत, तेव्हा तिथेही प्रश्न उठू शकतो. कलम 3 मात्र वेगळे आहे. त्यात राज्याच्या सुरक्षिततेला बाधक असा उद्देश लागतो आणि नौदलाशी संबंधित प्रकरणात शिक्षा चौदा वर्षांपर्यंत जाते. तुमच्या हकिकतीत तसा उद्देश मला दिसत नाही. पण त्या गटात तुम्ही न ओळखणारे किती क्रमांक आहेत, याचे उत्तर तुम्ही दिलेले नाही, आणि एखादा क्रमांक भलत्याचाच निघाला तर माझे हे वाक्य मला मागे घ्यावे लागेल. 2019 च्या डिसेंबरात समाजमाध्यमांतून जाळ्यात ओढलेल्या नौसैनिकांना अटका झाल्या आणि त्याच महिन्यात नौदलाने तळांवर व जहाजांवर स्मार्टफोनला बंदी घातली, हे तुमच्या वर्गातल्या मुलांनाही ठाऊक असेल.

‘खटला झालाच तर सुटेन’ हे तुमचे वाक्य कदाचित बरोबरही ठरेल. सरकारच्या अधिकाराने केलेल्या तक्रारीशिवाय न्यायालय या गुन्ह्याची दखल घेत नाही, आणि प्रत्येक बारीक प्रकरणात तशी तक्रार होतेच असे नाही. पण सुटायला किती काळ लागतो ते पाहा. नौदलाच्या वॉर रूममधून माहिती फुटल्याचे प्रकरण 2005 मध्ये बाहेर आले. खालच्या न्यायालयाचा निकाल 2021 मध्ये लागला. नागपूरच्या क्षेपणास्त्र प्रकल्पातल्या अभियंत्याला 2018 च्या ऑक्टोबरात अटक झाली, सत्र न्यायालयाचा निकाल यायला 2024 उजाडले, आणि त्यानंतर उच्च न्यायालयाची पायरी होतीच. दिल्लीच्या एका पत्रकाराकडचा दस्तऐवज उघडपणे उपलब्ध होता म्हणून सरकारने 2003 मध्ये खटलाच मागे घेतला, म्हणजे ‘इंटरनेटवर मिळतो’ हा तुमचाच मुद्दा तिथे चालला. तोपर्यंत त्या गृहस्थांचे सात महिने तिहारमध्ये गेले होते. आपली न्यायालये निर्दोष माणसालाही वेळेची शिक्षा देतात, आणि या अधिनियमाखाली सुनावणी बंद दरवाजाआड होऊ शकत असल्यामुळे, तुमच्या बाजूने काय चालले आहे हे गावाला सांगायलाही कोणी नसते.

तेव्हा या आठवड्यात काय करायचे ते सांगतो. काहीही जाळू नका, फाडू नका, गट सोडू नका आणि संदेश पुसू नका. पुरावा म्हणून सादर होऊ नये यासाठी दस्तऐवज किंवा इलेक्ट्रॉनिक नोंद नष्ट करणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम 241 खाली स्वतंत्र गुन्हा आहे, आणि सध्याच्या किरकोळ वाटणाऱ्या प्रकरणाला तोच गंभीर करील. गटावर नवे काहीही टाकू नका, ‘ती पाने डिलीट करा’ अशी सूचनासुद्धा नाही. एरवी कोणताही कागद देताना झेरॉक्स ठेवा असे मी अशिलाला बजावतो. इथे नेमके उलटे करा. प्रेसी आणि वही यांची पाने मोजा, एका कागदावर फक्त शीर्षक आणि पानांची संख्या लिहा, दोन्ही वस्तू पाकिटात घालून लाखेने बंद करा आणि पत्र ज्या अधिकाऱ्याच्या सहीचे आहे त्याच्याकडे स्वतः नेऊन द्या. कुरिअर नको, ओळखीच्या माणसाच्या हाती नको. पोच मिळाल्याशिवाय तिथून उठू नका. पोचेवर तारीख, हुद्दा आणि पानांची संख्या हवी.

सोबतचे पत्र चार ओळींचे असावे: अमुक तारखेच्या पत्रानुसार वस्तू जमा करीत आहे, विलंबाबद्दल दिलगीर आहे, खुलासा स्वतंत्रपणे सादर करीन. खुलाशात व्हॉट्सॲपचा उल्लेख कसा आणि किती करायचा, हे तुमच्या जिल्ह्यातल्या फौजदारी वकिलाला समोर बसवून ठरवा. खोटे एक अक्षर लिहायचे नाही, पण न विचारलेले सगळे कबूल करण्याची घाईही नको. निवृत्तिवेतनावर परिणाम होईल का, याचे भाकीत मी आज करणार नाही. वस्तू तातडीने जमा झाल्या तर तो प्रश्न उद्भवण्याची शक्यता कमी होते, इतकेच म्हणतो.

एक बाब राहिली. ‘तुम्हीच पाहून ठरवा’ म्हणून तुम्ही प्रेसीच्या दोन पानांच्या झेरॉक्स मला टपालाने धाडल्यात. वकिलाला सांगितलेली हकिकत कायद्याने संरक्षित असते, पण त्या संरक्षणाने कागद निर्धोक होत नाही, आणि असा कागद जाणूनबुजून स्वीकारणाऱ्यालाही कलम 5 च लागते. वरच्या कोपऱ्यातला शिक्का दिसताच मी ती पाने उलटी करून दुसऱ्या पाकिटात घातली, लेखनिकासमोर बंद केली आणि पाकिटावर तारीख टाकली. सोमवारी किंवा मंगळवारी दुपारी तीननंतर येऊन सही करून घेऊन जा, आणि तुमच्या यादीतल्या पानांच्या संख्येत ही दोन धरा.