टर्मिनेटर डार्क फेट बघावा का, आणि त्याआधी मागचे सगळे भाग बघायलाच लागतात का?

सगळे नाही, पहिले दोन बघा. १९८४ चा आणि १९९१ चा. मधले तीन (२००३, २००९, २०१५) खुद्द डार्क फेटवाल्यांनीच धरलेले नाहीत, तो थेट दुसऱ्याच्या पुढे सुरू होतो. बघावा का, तर माझं मत नको बघू असं आहे, आणि ते का ते सांगताना स्टोरी फुटणार, चालत नसेल तर इथेच थांबा.

आमचे अण्णा ट्रक चालवायचे. इचलकरंजीहून कापडाच्या गाठी भरून भिवंडी, तिकडून मिळेल ते भाडं घेऊन परत, महिन्यातनं चार-पाच दिवस घरी. १९९३ साली, मी पाचवीत, ते घरी होते म्हणून दादाने एका रात्रीसाठी व्हीसीआर आणला भाड्याने आणि त्यात दुसरा टर्मिनेटर. कॅसेट इंग्लिश, दादा आठवीतल्या इंग्रजीच्या जोरावर आम्हाला अर्थ सांगतोय. त्यात तो सीन आहे ना, पोलिसाच्या ड्रेसमधला टी-१०००, म्हणजे भविष्यातून आलेलं खुनी मशीन, भला मोठा टोइंगचा ट्रक पुलावरून खाली काँक्रीटच्या कालव्यात घालतो आणि छोट्या डर्ट बाइकवरच्या जॉनच्या मागे लागतो (जॉन म्हणजे ज्या पोराला मारायला मशीन येतात तो, पुढे मशीनविरुद्ध माणसांचा नेता होणार म्हणून), तो अण्णांनी तीन वेळा रिवाइंड करून बघितला. ट्रक खाली आदळला की म्हणायचे, "संपलं, अ‍ॅक्सल गेलं." पुढे बुटक्या पुलाखालून जाताना केबिनचं छप्पर सोलून निघतं तेव्हा तर चिडलेच, "हाइट न बघता गाडी घालतोय, हा कसला डायव्हर?" आयुष्य त्या स्टेअरिंगवर गेलेला माणूस पिक्चरमधल्या ट्रकवर चिडतो म्हणजे तो ट्रक त्याला खरा वाटला, आणि होताच खरा. पुलाखालनं हेलिकॉप्टर जातं तेही खरोखर उडवलेलं आहे. त्या अख्ख्या पिक्चरमध्ये कम्प्युटरचं काम जेमतेम पाचेक मिनिटांचं असेल.

मग जॉनची आई सारा लांबून जॉनला आणि त्याला वाचवायला आलेलं मशीन झालेल्या अर्नॉल्डला खेळताना बघते आणि मनात म्हणते की हे मशीन पोराला कधी सोडून जाणार नाही, वेळ नाही असं कधी म्हणणार नाही. दादाने ते मराठीत सांगितलं. अण्णा काही बोलले नाहीत. सकाळी मालकाला फोन करून टायरचं काम निघालंय सांगितलं आणि भिवंडीची खेप एक दिवस पुढे ढकलली. टायरला काही झालं नव्हतं, मी स्वतः बघितला होता.

आता २०१९. दिवाळी होऊन आठवडा झालेला, दादा बेंगळुरूहून आलेला, आम्ही तिघं कोल्हापूरला मल्टिप्लेक्समध्ये डार्क फेट बघायला गेलो. पहिल्या दोन भागांचा डायरेक्टर जेम्स कॅमेरॉन परत आलाय, साराचं काम करणारी लिंडा हॅमिल्टन परत आलीय, मी तर आठवडाभर नाचत होतो. आणि पिक्चर सुरू होऊन पाच मिनिटं नाही झाली तर १९९८ साल, समुद्रकिनाऱ्यावरचं हॉटेल, अर्नॉल्डच्याच चेहऱ्याचं एक मशीन चालत येतं आणि जॉनला गोळ्या घालून निघून जातं. ज्या पोराला वाचवायला दोन अख्खे पिक्चर लोक धावले त्याला असं उडवलं. बरं, मारलंत तर त्याचं काहीतरी करा, पण पुढे माणसांवर उलटणाऱ्या स्कायनेट या कम्प्युटरच्या जागी लीजन नावाचा दुसरा आणि जॉनच्या जागी दानी नावाची मुलगी, गोष्ट तीच. आणि ते मशीन नंतर पडद्यांचा धंदा करतं, बायको आणि तिचं पोरगं सांभाळतं, त्याला म्हणे माणुसकी कळली. जॉनला मारून कळली!

सुरुवातीचा मेक्सिकोतला हायवेवरचा पाठलाग अण्णांना आवडला, सरसावून बसले होते. पण पुढे विमानातून गाडी, गाडीतून धरण, धरणातून पाणी सुरू झालं तेव्हा मला हळूच विचारलं, "हे लोक मरत कसे नाहीत रे?" त्यानंतर त्यांनी एकदाही गाडीबद्दल काही म्हटलं नाही. माझ्यासाठी पिक्चरचा निकाल तिथेच लागला.

दादाचं म्हणणं वेगळं. तो म्हणतो जॉनला मारणं हे धाडस होतं, तुला पिक्चर नको, तुझं लहानपण पाहिजे, आणि बायका हिरो आहेत म्हणून तुमच्यासारख्यांना पचत नाही. हे शेवटचं तर साफ चूक आहे. १९८४ पासून हा पिक्चर साराचाच आहे, पहिल्या भागात टी-८०० ला, म्हणजे अर्नॉल्डच्या मशीनला, प्रेसमध्ये घालून चिरडते कोण? धाडस म्हणायचं तर जॉन नसताना सारा कशी जगली हे दोन तास दाखवायचं होतं, लिंडा हॅमिल्टनने ते एकटीने ओढून नेलं असतं. कॅमेरॉनचं नाव स्टोरीत आहे म्हणून सगळं माफ होत नाही.

हां, एक सांगायला पाहिजे, दानीला वाचवायला भविष्यातून आलेली मॅकेन्झी डेव्हिसची ग्रेस खरंच चांगली आहे, आणि २०१५ च्या जेनिसिसपेक्षा हा बराच बरा, त्यात तर जॉनलाच व्हिलन करून ठेवलाय आणि ते ट्रेलरमध्येच दाखवून टाकलं होतं. तुम्हाला जॉनचं काही वाटत नसेल तर एकदा बघायला हरकत नाही, हायवेचा सीन मोठ्या स्क्रीनवर बघा. पण त्याच्या आधी १९९१ चा बघाच. आणि दादा, तू हे वाचणार मला माहितीये. अण्णांना एकदा विचार जॉन कुठल्या पिक्चरमध्ये मेला, ते अजून म्हणतात तो कालव्यातनं सुटला.