पीक शास्त्रज्ञ शेतकऱ्यासाठी नेमकं करतात तरी काय?

लोक म्हणतात एसीत बसून पगार घेतात, पण आपल्या मराठवाड्यातली तूरच बघा ना. हलक्या रानात पाऊस लवकर उघडला की उशिरा येणारी तूर ऐन शेंगा भरायच्या टायमाला वाळायची, मग बदनापूरच्या संशोधन केंद्रानं बीडीएन 711 ही तुरीची जात काढली, ती साधारण 150-155 दिवसांत येते म्हणजे जमिनीत ओल आहे तोवरच दाणा भरतो. परभणीच्या कृषी विद्यापीठाची परभणी शक्ती ज्वारी पण तशीच कामाची, लोह अन् जस्त जास्त, भाकर मात्र तीच. आता बियाणं वेळेवर भेटत नाही ही बोंब वेगळी, ती शास्त्रज्ञांच्या माथी मारू नका. अन् शास्त्रज्ञ सांगतात तसं सोयाबीन बीबीएफवर, म्हणजे रुंद वाफा अन् दोन्ही बाजूंना सरी अशा पद्धतीनं पेरून बघा, पावसात खंड पडला तरी सरीत मुरलेलं पाणी कामाला येतं.