नागपूरच्या मिहानमधली टेस्टिंगची नोकरी सोडून डेटा इंजिनिअरिंगचा क्लास लावावा का?

साडेचार वर्षं सॉफ्टवेअरचं मॅन्युअल टेस्टिंग, 90 दिवसांची नोटीस, घरी शुगर असलेले वडील, आणि राजीनामा देऊन सहा महिने पूर्ण वेळ क्लास लावायचा विचार. तुमचा प्रश्न मला असा कळला.

नोकरी बदला, पण हातात ऑफर आल्यावर. क्लाससाठी तर मुळीच सोडू नका.

मी टेस्टिंगमधूनच डेटाकडे आलो, तेही नागपुरातच राहून. मधली पायरी म्हणजे ईटीएल टेस्टिंग. एका डेटाबेसमधून दुसरीकडे गेलेल्या नोंदी जुळतात का, डुप्लिकेट किती, तारखा कुठे बिघडल्या, हे तपासायचं. डेटा कुठे सडतो ते टेस्टरला आधीच ठाऊक असतं. शिकायचं ते एसक्यूएल, म्हणजे डेटाबेसला प्रश्न विचारायची भाषा, तेही नीट: जॉइन, विंडो फंक्शन्स, क्वेरी हळू का चालते ते. मग पायथन. स्पार्क, एअरफ्लो ही डेटाची टूल्स त्यानंतर. आधी मॅनेजरला विचारा, कंपनीत एखादा डेटाचा प्रोजेक्ट आहे का. तिथे टेस्टर म्हणून शिरलात तर रिझ्युमेवर खरं काम दिसतं. क्लासच्या सर्टिफिकेटने ते होत नाही.

आता तारखेचं. पाच वर्षं भरली की ग्रॅच्युइटी, म्हणजे नोकरी सोडताना कंपनीकडून एकरकमी पैसे, मिळते. हिशेब असा: ग्रॅच्युइटीसाठी धरला जाणारा शेवटचा पगार (मुख्यतः बेसिक, महागाई भत्ता असेल तर तोही) भागिले 26, गुणिले 15, गुणिले वर्षं. हा पगार 30,000 असेल तर पाच वर्षांचे साधारण 86,500 रुपये. एवढे पैसे काही महिन्यांसाठी कशाला सोडायचे, बाप्पा? नोटीसचा काळही नोकरीतच धरला जातो, म्हणजे राजीनामा पाच वर्षांच्या थोडा आधी देता येतो. मात्र कंपनी लवकर रिलीव्ह करू शकते, म्हणून काही आठवडे हाताशी ठेवा. नव्या कंपनीने नोटीस बायआउट करायची, म्हणजे उरलेल्या नोटीसचे पैसे भरून तुम्हाला लवकर सोडवायची, तयारी दाखवली तर हुरळून जाण्याआधी हीच तारीख बघा.

पीएफ काढू नका, ट्रान्सफर करा. आणि वर्षाच्या मध्ये नोकरी बदललीत तर जुना पगार आणि कापलेला टीडीएस नव्या कंपनीला कळवा. नाहीतर दोन्ही कंपन्या स्टँडर्ड डिडक्शन आणि कमी दराचे स्लॅब आपापले धरतात, आणि रिटर्न भरताना उरलेला कर तुमच्या खिशातून जातो. माझ्या एका सहकाऱ्याला हा झटका चांगलाच बसला होता.

वडील कंपनीच्या विम्यात असतील तर ते कव्हर सहसा तुमच्या शेवटच्या दिवशीच संपतं. वेगळी पॉलिसी आजच घ्या आणि शुगर लपवू नका. आधीपासूनच्या आजाराला तीन वर्षांपर्यंत थांबावं लागू शकतं. ती वर्षं तुम्ही नोकरीत असतानाच मोजली जायला लागतील.

नागपुरात आयटीवाल्यांचं जग लहान आहे. मिहानमधला मॅनेजर उद्या परसोडीच्या आयटी पार्कमध्ये तुमचा इंटरव्ह्यू घेताना भेटू शकतो. कितीही राग असला तरी नॉलेज ट्रान्सफर (आपलं काम पुढच्याला समजावून देणं) पूर्ण करा, रिलीव्हिंग लेटर हातात घ्या.

क्लास लावायचाच असेल तर शनिवार-रविवारचा बघा. फी भरण्याआधी मागच्या बॅचमधल्या दोघांशी बोलायला मिळेल का, हे विचारा. ‘100 टक्के प्लेसमेंट’ म्हणणारे इथेच गडबडून जातात.