लासलगाव चालतं, निफाड अडतं

प्रश्न : मॅडम, मी पंचवटीत राहतो, एका कांदा व्यापाऱ्याकडे हिशेब बघतो. रोजच्या काटापावत्यांच्या पीडीएफ गावागणिक लावायच्या म्हणून पायथनमध्ये छोटा प्रोग्रॅम लिहिला. डी ड्राइव्हवर ‘कांदा’ फोल्डर, त्यात गावांचे फोल्डर. नावं अर्थात इंग्रजी लिपीत, सगळी लहान अक्षरं. लासलगाव, पिंपळगाव, येवला झाले. निफाड आलं की एरर १२३, नावच चुकीचं म्हणे! स्पेलिंग बरोबर आहे. दुसऱ्या दिवशी चालवलं तर ‘फोल्डर आधीच आहे’ म्हणून लासलगावलाच गाडी थांबली. जुने फोल्डर प्रोग्रॅममधूनच काढता येतील का?

उत्तर : स्पेलिंग सोडा, फोल्डरच्या पत्त्यात निफाडच्या आधी येणारा बॅकस्लॅश, म्हणजे मागे झुकलेली तिरकी रेघ, बघा. इंग्रजीत निफाड ‘एन’ने सुरू होतं, आणि पायथनच्या अवतरणचिन्हांत बॅकस्लॅशला खेटून लहान एन आला की त्याचा अर्थ ‘नवी ओळ’. म्हणजे तुम्ही विंडोजकडे ‘कांदा, मग ओळ तोडा, मग इफाड’ अशा नावाचं फोल्डर मागताय. फोल्डरच्या नावात ओळ तोडलेली विंडोजला चालत नाही, म्हणून १२३. उद्या नांदगाव घातलंत तर तेच होणार. त्र्यंबकच्या ‘टी’ने टॅब पडेल, बागलाणच्या ‘बी’ने बॅकस्पेस. लासलगावच्या ‘एल’ला असा अर्थ नाही, म्हणून ते निभावलं, एवढंच. पायथन ३.१२ पासून अशा निभावलेल्या बॅकस्लॅशवरही इशारा येतो, पण काम झालं की तो वाचतो कोण! आणि निफाडचा एन मोठा केलात तर प्रोग्रॅम सुरूच व्हायचा नाही.

उपाय सोपा. पाथमध्ये, म्हणजे फोल्डरच्या पत्त्यात, साधा पुढे झुकलेला स्लॅश द्या, विंडोजला तो चालतो. बॅकस्लॅशच हवा असेल तर सुरुवातीच्या अवतरणचिन्हाला खेटून आधी लहान ‘आर’ लावा, मग पायथन बॅकस्लॅशचा वेगळा अर्थ लावत नाही. मात्र तसं केल्यावर मजकुराच्या शेवटी एकटा बॅकस्लॅश ठेवू नका. मी स्वतः पाथलिब ही पायथनची पाथ हाताळणारी लायब्ररी वापरते. पायथन ३.४ पासून ते सोबतच येतं, गावांची नावं एका यादीत ठेवायची आणि जोडायचं काम त्याच्यावर सोडायचं.

‘आधीच आहे’साठी फोल्डर बनवणाऱ्या एमकेडिर या आज्ञेऐवजी मेकडिर्स घ्या आणि तिच्यातला एक्झिस्ट-ओके हा पर्याय ट्रू करा. फोल्डर असेल तर ते गुपचूप पुढे जातं, मधलं ‘कांदा’ फोल्डर नसेल तर तेही बनवतं. त्याच नावाची फाइल तिथे पडलेली असेल, तर मात्र एरर येणारच, आणि यायलाच हवी.

तुम्ही विचारलं नाहीत, पण पुढे तारखेचे फोल्डर करालच. तारखेत तिरकी रेघ टाकू नका, मेकडिर्स दिवसाचं फोल्डर, त्यात महिना, त्यात वर्ष असं एकात एक बनवून ठेवेल. आधी वर्ष, मग महिना, मग दिवस, मध्ये आडव्या रेघा, आणि महिना-दिवस दोन आकडी ठेवा. नावाने लावले की ते आपोआप तारखेनुसार लागतात.

जुने फोल्डर काढता येतात. आरएमडिर ही आज्ञा फक्त रिकामं फोल्डर काढते. भरलेलं काढायला पायथनच्याच शुटिल लायब्ररीतलं आरएमट्री आहे, पण ते आतलं सगळं उडवतं, विचारत नाही, रिसायकल बिनमध्येही काही ठेवत नाही. मालकाच्या पावत्या आहेत. जुने फोल्डर आधी दुसऱ्या ड्राइव्हवर हलवा, ऑडिट झाल्यावर हाताने काढा.