तिथे कर कापला, मग इथे पुन्हा कशाला?

प्रश्न : कंपनीने मला १८ नोव्हेंबर २०२५ रोजी म्युनिकच्या प्रकल्पावर पाठवलं, ३० एप्रिल २०२६ ला परतले. पगार तिथल्याच खात्यात, जर्मन कर कापून. ऑफिसातले म्हणतात, तिथे कर गेला की इथे दाखवायचं कारण नाही. खरं का? – एक वाचक, पिंपरी

उत्तर : नाही. कर कुठे कापला यापेक्षा तुम्ही आर्थिक वर्षात किती दिवस भारतात होता, हे आधी पाहतात. १ एप्रिल ते १८ नोव्हेंबर म्हणजे २३२ दिवस. १८२ पुरेसे होते, म्हणून २०२५-२६ साठी तुम्ही निवासी. आधीची वर्षंही इथेच गेली असतील, तर जगभरातलं उत्पन्न इथल्या रिटर्नमध्ये येतं. ३१ मार्चपर्यंतचा जर्मन पगार या रिटर्नमध्ये, एप्रिलचा पुढच्या वर्षी.

दुहेरी कर टाळण्याचा करार आहे तो यानंतरच्या पायरीसाठी. तिथे भरलेल्या कराचं क्रेडिट मिळतं, म्हणजे तो इथल्या करातून वजा होतो, पण त्याच उत्पन्नावर इथे जेवढा कर बसतो तेवढंच. समजा, नव्या करप्रणालीत तुमचं करपात्र उत्पन्न २४ लाख आणि त्यातले १२ लाख जर्मनीतले. २४ लाखांवर उपकरासह कर ३,१२,००० रुपये, म्हणजे सरासरी १३ टक्के. जर्मन हिश्श्यावर १,५६,०००. तिकडे २,४०,००० कापले असले तरी क्रेडिट १,५६,०००. उरलेले ८४,००० इथून परत मिळत नाहीत.

क्रेडिट मागताना पगारपत्रक ओळीनुसार वाचा. ‘लोनश्टॉयर’ हा प्राप्तिकर, तो चालतो. पेन्शन आणि आरोग्यविम्याच्या कपाती चालत नाहीत. निम्म्या चुका इथेच होतात, कारण लोक एकूण पगार आणि हातात आलेला पगार यांतला सगळा फरक ‘कर’ म्हणून टाकतात. दुसरी अडचण वर्षाची. जर्मनीचं करवर्ष जानेवारी ते डिसेंबर, त्यामुळे वार्षिक दाखला आपल्या वर्षाशी जुळत नाही. महिन्याची पगारपत्रकं जपून ठेवा आणि त्यावरून बेरीज करा.

रुपयांत रूपांतर स्टेट बँकेच्या टीटी बाइंग दराने (बँक परकीय चलन ज्या दराने विकत घेते तो), आधीच्या महिन्याच्या शेवटच्या दिवसाच्या. डिसेंबरच्या पगाराला आणि त्यातून कापलेल्या कराला ३० नोव्हेंबरचा दर. गुगलवर दिसणारा दर चालत नाही.

रिटर्न आयटीआर-२, आयटीआर-१ नव्हे. पोर्टलवर फॉर्म ६७ (परदेशी कराचं क्रेडिट मागण्याचा) आधी भरा, सोबत पगारपत्रकं किंवा मालकाचा दाखला जोडा, मग रिटर्नमध्ये एफएसआय (परदेशी उत्पन्न) आणि टीआर (तिथल्या कराची सवलत) ही परिशिष्टं. फॉर्म ६७ ची मुदत ३१ मार्च २०२७ असली तरी तो मागे ठेवून रिटर्न टाकू नका. क्रेडिट नाकारलं गेलं की सरळ मागणीची नोटीस येते. तिकडे रिटर्न भरून काही कर परत मिळाला, तर इथलं क्रेडिटही तपासून सुधारित रिटर्न द्यावं लागेल.

आणि ते जर्मन बँक खातं. नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये उघडलं असेल तर एफए (परदेशी मालमत्ता) परिशिष्टात दाखवायचंच, नंतर बंद केलं असलं तरी. या परिशिष्टाला कॅलेंडर वर्ष लागतं, आपलं आर्थिक वर्ष नाही. खाती, शेअर वगैरे मिळून २० लाखांपर्यंत असतील तर न दाखवल्याचा दहा लाखांचा दंड आता लागत नाही. पण दाखवण्याची जबाबदारी कायम आहे, हे पुष्कळजण विसरतात.

प्रश्न : मी २२ सप्टेंबर २०२५ ला वर्षभराच्या नोकरीसाठी सिंगापूरला गेलो. दिवाळीला १८ ते २५ ऑक्टोबर घरी होतो. पगार पुण्याच्या खात्यात येतो. मी अनिवासी ना? – एक वाचक, पुणे

उत्तर : दिवाळीने घात केला. नोकरीसाठी बाहेर जाणाऱ्या भारतीय नागरिकाला निवासी ठरवताना ६० ऐवजी १८२ दिवसांची मर्यादा लागते. २२ सप्टेंबरपर्यंत तुमचे १७५ झाले होते, वर हे आठ, म्हणजे १८३. फराळ दोन दिवस आधी उरकला असता तर १८१ वर सुटला असतात. येण्या-जाण्याचे दिवस मोजायचे का, यावर न्यायाधिकरणांचे निर्णय एकसारखे नाहीत. वाद घालता येईल, पण तो पासपोर्टवरचे शिक्के दाखवून, नोटीस आल्यावर. दगदग नको असेल तर दोन्ही दिवस धरा आणि निवासी म्हणून भरा, सिंगापूरच्या कराचं क्रेडिट वर सांगितल्याप्रमाणे मागा.

पुढच्या वर्षी अनिवासी ठरलात तरी पगार पुण्यात घेऊ नका. भारतात थेट मिळालेलं उत्पन्न अनिवाशालाही करपात्र असतं. आधी सिंगापूरच्या खात्यात घ्या, मग इकडे पाठवा. असं पाठवणं म्हणजे भारतात उत्पन्न मिळणं नव्हे.

प्रश्न : दुबईत चार महिने काम केलं, तिथे करच नाही. मग इथे? – एक वाचक, नाशिक

उत्तर : बाकीचे आठ महिने भारतात होता, म्हणजे निवासी. पूर्ण पगारावर इथला कर, आणि तिथे काही भरलंच नाही म्हणून क्रेडिटही शून्य. दुबईच्या मालकाने इथला टीडीएस कापलेला नसतो, त्यामुळे शिल्लक कर दहा हजार किंवा जास्त असेल तर आगाऊ कर भरायला हवा होता, शेवटचा हप्ता १५ मार्चला. तो चुकला असेल तर महिना एक टक्का व्याज धरूनच चलन भरा.